मेल आपोआप परत येईल, ॲड्रेस बुक येणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा जुना डेस्कटॉप बदलायचा आहे, त्याची हार्ड डिस्क अधूनमधून टकटक आवाज करते. शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचे सातशेच्या आसपास ईमेल आयडी त्यांनी त्यावर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये जमवले आहेत. बरेच आयडी दोनदोनदा आलेत, निम्मी नावं मराठीत आहेत. दुकानदार म्हणतो, 'जीमेलचंच खातं आहे ना, नव्या मशीनवर लॉगिन केलं की सगळं आपोआप येईल.' मग बॅकअपची भानगड कशाला, असं तुम्ही विचारताय.

दुकानदाराचं म्हणणं मेलपुरतं बरोबर आहे. ॲड्रेस बुकाबाबत ते चुकीचं आहे, आणि याच गैरसमजापायी लोकांचे वर्षानुवर्षं जमवलेले पत्ते जातात. घरोघरचे कॉम्प्युटर बदलून देण्याचं, लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यात सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार हीच: 'मेल सगळी आली हो, पण नाव टाइप केलं की आयडी येत नाही.' तोवर जुनी डिस्क फॉरमॅट झालेली असते किंवा भंगारात गेलेली असते.

कारण साधं आहे. थंडरबर्ड जीमेलशी बोलतो तो आयमॅप नावाच्या पद्धतीने. आयमॅपमधून फक्त मेल आणि तिचे फोल्डर ये-जा करतात, पत्ते त्या वाटेने जातच नाहीत. पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह नावाची वेगळी पद्धत आहे आणि ती वेगळी जोडावी लागते. नव्या थंडरबर्डमध्ये खातं लावताना गूगलचे कॉन्टॅक्ट जोडायची सोय पुढे येते. ती स्वीकारलीत तरी येतील ते गूगलच्या सर्व्हरवर असलेले कॉन्टॅक्ट. वडिलांनी 'पर्सनल ॲड्रेस बुक'मध्ये हाताने भरलेले आयडी गूगलकडे कधी गेलेलेच नाहीत. ते जगात एकाच ठिकाणी आहेत, त्या आवाज करणाऱ्या डिस्कवर.

त्यामुळे बाकी काहीही करण्याआधी डिस्कचं बघा. टकटक आवाज येणाऱ्या डिस्कवर स्कॅनिंग, साफसफाई, विंडोज अपडेट यातलं काहीही चालवू नका. मशीन सुरू करा, लागेल ते कॉपी करा, बंद करा. डुप्लिकेट काढण्याचं काम त्या मशीनवर तर अजिबात नको.

काय कॉपी करायचं? थंडरबर्ड पूर्ण बंद करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या छोट्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर मारा. 'रोमिंग' नावाचं फोल्डर उघडेल, त्यात 'थंडरबर्ड' दिसेल. ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवा. ॲड्रेस बुकं, मेल, सेटिंग, साठवलेले पासवर्ड, सगळं त्यात असतं. पासवर्डही असतात म्हणून तो पेन ड्राइव्ह टेबलावर पडू देऊ नका.

हे 'ॲपडेटा' फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, आणि खरी गोम तिथेच आहे. दुकानात मशीन दिलं की 'डेटा कॉपी' म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो घेतात. समोर दिसतं ते घेतात, त्यात त्यांची लबाडी नसते. पण थंडरबर्डचं सगळं घर लपलेल्या फोल्डरात असल्यामुळे ते मागे राहतं. मशीन दुकानात द्यायचंच असेल तर 'यूजर्समधलं वडिलांच्या नावाचं फोल्डर लपलेल्या फायलींसकट हवं' असं कागदावर लिहून द्या. विंडोज सुरूच होत नसेल तरी आशा सोडू नका. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटेम्स'वर खूण करा आणि यूजर्स, वडिलांचं नाव, ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड असे आत शिरा. डिस्क अगदीच वाचली जात नसेल, तेव्हाच डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जायची वेळ येते, आणि ते काम स्वस्त नसतं.

ही नक्कल हातात आली की निवांत बसून पुढचं करता येतं.

आता पत्ते नेमके कुठेकुठे आहेत ते बघू. थंडरबर्डचं ॲड्रेस बुक उघडलं की डाव्या बाजूला किमान दोन वह्या दिसतात. 'पर्सनल ॲड्रेस बुक' ही हाताने भरलेली. 'कलेक्टेड ॲड्रेसेस' ही थंडरबर्डने स्वतः भरलेली: ज्याला मेल पाठवली आणि जो आधीपासून वहीत नाही, त्याचा आयडी तो इथे टिपून ठेवतो. वडिलांसारख्या वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही दुसरी वही पहिलीपेक्षा जाड निघालेली मी पाहिली आहे. लोक पहिली वही उतरवतात आणि दुसरी विसरतात, कारण एक्स्पोर्ट करताना प्रत्येक वही वेगळी निवडून उतरवावी लागते. याशिवाय गूगलच्या कॉन्टॅक्टमध्ये काही असतील, तिथल्या 'अदर कॉन्टॅक्ट्स' या कप्प्यात जीमेलने आपणहून साठवलेले असतील आणि मोबाइलमध्ये वेगळे असतील. या पाचही ठिकाणी एकदा डोकावून या, म्हणजे पुढे 'तो एक आयडी कुठे गेला' असं होणार नाही.

उतरवायचं कशात, याचं उत्तर पुढे काय करणार आहात त्यावर अवलंबून आहे. नव्या मशीनवरही थंडरबर्डच ठेवणार असाल तर सर्वांत सोपं म्हणजे मघाची अख्ख्या फोल्डरची नक्कल तशीच नव्या मशीनवर त्याच जागी ठेवणं. आधी नवीन मशीनवर थंडरबर्डची ताजी आवृत्ती बसवा, ती बंद असताना फोल्डर तिथे ठेवा, मग उघडा. जुन्यातून नव्यात जाता येतं. उलट, नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल (म्हणजे याच फोल्डरातला तुमचा सगळा डेटा) जुन्या आवृत्तीत उघडायला गेलं तर थंडरबर्ड अडवतो. थंडरबर्डच्या 'टूल्स'मध्ये एक्स्पोर्टची तयार सोयही आहे, ती सगळ्याची एक झिप फाइल बनवून देते. पण प्रोफाइल 2 जीबीच्या वर गेलं असेल तर तिच्या भरवशावर राहू नका, फोल्डरच कॉपी करा.

पण फोल्डरची नक्कल मी एकट्याने पुरेशी मानत नाही. ती फक्त थंडरबर्डला वाचता येते. दहा वर्षांनी थंडरबर्ड असेल की नसेल कुणी सांगावं? विंडोज लाइव्ह मेलवर माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत पत्ते होते. मायक्रोसॉफ्टने 10 जानेवारी 2017 ला त्याचा आधार काढून घेतला. विंडोजसोबत येणारं 'मेल' ॲपही 31 डिसेंबर 2024 नंतर बंद पडलं. प्रोग्रॅम जातात, साधी मजकुराची फाइल राहते. म्हणून ॲड्रेस बुकात प्रत्येक वही निवडून एक्स्पोर्ट करा आणि दोन प्रकारांत उतरवा: व्हीकार्ड आणि एलडीआयएफ.

व्हीकार्ड का, ते ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघितली की कळतं. प्रत्येक माणसाचं कार्ड 'बिगिन व्हीकार्ड' या ओळीने सुरू होतं, 'एफएन' अक्षरांपुढे पूर्ण नाव, 'ईमेल'पुढे आयडी, 'टेल'पुढे फोन, आणि शेवटी 'एंड व्हीकार्ड'. कुठलाही खास प्रोग्रॅम नसला तरी माणसाला डोळ्यांनी वाचता येतं. गूगल, आयफोन, अँड्रॉइड, आउटलुक सगळे ही फाइल ओळखतात. एलडीआयएफ कशासाठी? वडिलांनी '1978ची बॅच', 'कार्यकारिणी' अशा मेलिंग लिस्ट बनवल्या असतील तर त्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या यादीच्या फाइलमध्ये) येत नाहीत, एलडीआयएफमध्ये येतात. मंडळाचं काम करणाऱ्या माणसासाठी त्या याद्या म्हणजे पाच-सहा वर्षांची मेहनत असते. माणसं नव्याने भरता येतात, कोण कुठल्या गटात होतं हे आठवणं महाकठीण.

सीएसव्हीबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण मराठी नावांची माती तिथेच होते. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की ती थेट एक्सेलमध्ये उघडते आणि बऱ्याचदा मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, पुन्हा तेच. घाबरू नका. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. एक्सेलने ते तीन वेगवेगळी इंग्रजी चिन्हं समजून वाचले, एवढंच झालेलं असतं. फाइल शाबूत आहे, वाचणारा चुकला आहे. फक्त एक पथ्य पाळा: तिथे 'सेव्ह' दाबू नका, फाइल तशीच बंद करा.

नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र प्रकरण वेगळं आहे. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांतून सीएसव्ही काढताना असं होतं: देवनागरी न मावणाऱ्या जुन्या पद्धतीत फाइल लिहिली जाते आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह बसतं. त्या फाइलमधून नाव परत येत नाही, मूळ ठिकाणी जाऊन पुन्हा दुसऱ्या प्रकारात उतरवावं लागतं. विचित्र चिन्हं म्हणजे माल आत आहे, प्रश्नचिन्हं म्हणजे माल गेला, हा फरक लक्षात ठेवलात तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. आणि जुन्या मोबाइलमधून काढलेल्या व्हीकार्डमध्ये नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हांनी जोडलेली आकडे-अक्षरांची माळ दिसली तरी तेही बिघडलेलं नाही. ती त्या जुन्या 2.1 आवृत्तीची लिहिण्याची रीत आहे, इम्पोर्ट केल्यावर नावं नीट दिसतात.

फोन नंबरांचंही तेच. सलग लिहिलेला, अधिक चिन्ह आणि 91 ने सुरू होणारा मोबाइल नंबर एक्सेलला मोठी संख्या वाटते. तो अधिकचं चिन्ह उडवतो आणि '9.19'पुढे 'ई+11' असं संक्षिप्त रूप दाखवतो. सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की फाइलमध्ये जातं तेही दिसणारं रूपच, मधले आकडे कायमचे जातात. कोल्हापूरचा 0231 कोड तिथे 231 होतो. यावर माझा उपाय लिबरऑफिस कॅल्क. ते फाइल उघडतानाच विचारतं: अक्षरसंच कोणता? तिथे यूटीएफ-8 निवडा, खाली दिसणाऱ्या नमुन्यात फोनचा रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा आणि मग उघडा. एक्सेलच वापरायचं असेल तर 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्या, तिथेही अक्षरसंचाला 65001, म्हणजेच यूटीएफ-8, निवडता येतो.

पण घरच्या कामात सीएसव्ही लागतेच असं नाही. वडिलांना मंडळासाठी छापील यादी हवी असेल तर ती काढा. बॅकअप म्हणून माझा भरवसा व्हीकार्डवर.

आता डुप्लिकेट. क्रम असा ठेवा: आधी उतरवणं, मग नव्या मशीनवर नेणं, मग नेलेलं बरोबर आहे का तपासणं आणि त्यानंतरच साफसफाई. उत्साहाच्या भरात आधी साफ करणारे लोक चुकीचा आयडी उडवतात आणि मागे जायला जागा राहत नाही. सातशे नोंदींसाठी मी व्हीकार्ड फाइल गूगल कॉन्टॅक्टमध्ये इम्पोर्ट करून तिथली 'मर्ज अँड फिक्स'ची सोय वापरतो. काही बिनसलं तर गूगल कॉन्टॅक्ट 30 दिवसांपर्यंतच्या स्थितीला मागे नेता येतात. पण यंत्राच्या सूचना डोळे मिटून मान्य करू नका. आपल्याकडे एकाच घरात 'एस. व्ही. कुलकर्णी' दोन असतात, बाप आणि मुलगा, आणि दोघांचा लँडलाइन एकच. यंत्र त्यांना एक करून टाकेल. एकच बाई लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाने दोनदा असतात, ते यंत्राला कळत नाही. हे काम वडिलांच्या शेजारी बसून करा. कोण कोण आहे हे त्यांनाच माहीत आहे.

जुने आयडी लगेच उडवू नका, हा माझा आग्रह. यादीत व्हीएसएनएलने संपणारे आयडी सापडतील. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या पहिल्या पिढीतल्या लोकांचे ते पत्ते. त्यांतले बहुतेक आता चालत नसतील, पण त्या कार्डावर एखादा फोन नंबर, गावाचं नाव, बॅचचं वर्ष असतं आणि त्या धाग्यावरून माणूस सापडतो. मी अशांसाठी 'जुने' असं एक लेबल करतो. गेलेल्या मंडळींसाठीही वेगळं लेबल ठेवा. चुकून त्यांना संमेलनाचं निमंत्रण गेलं तर ती मेल घरचं कुणीतरी उघडतं, आणि ते वाईट वाटतं. तसंच प्रत्येक कार्डाच्या 'नोट्स'मध्ये बॅच आणि गाव एवढं तरी लिहून ठेवा. उद्या हे काम वडिलांकडून दुसऱ्या कुणाकडे गेलं तर नुसत्या आयडीवरून त्याला काही बोध होणार नाही.

मग सगळं कायमचं गूगलवरच ठेवावं का? हे वडिलांच्या सवयीवर आहे. ते मोबाइलही वापरत असतील तर ठेवा, थंडरबर्डला कार्डडॅव्हने जोडा, म्हणजे दोन्हीकडे एकच यादी दिसेल. पण याला बॅकअप समजू नका. जोडलेल्या यादीतून एका ठिकाणी नाव उडवलं की ते सगळीकडून उडतं. गूगलच्या ट्रॅशमध्ये ते 30 दिवस राहतं, पुढे नाही. आणि मंडळाच्या यादीतलं एखादं नाव गायब आहे हे 30 दिवसांत लक्षात येत नाही, वर्षाच्या संमेलनाच्या वेळी येतं. वडील फक्त त्या एका टेबलावर बसून काम करत असतील तर थंडरबर्डमधली स्थानिक वही उत्तम आहे, फक्त फाइल नेमाने उतरवायला हवी.

नेमाने म्हणजे किती? यादीत नवी नावं पडतात तशी. मंडळाच्या कामात संमेलनाच्या आधी आणि नंतर, एरवी दर तिमाहीला पुरतं. फाइलच्या नावात तारीख वर्षापासून लिहा, 2026-01-15 अशी, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. जुनी फाइल नवीने झाकू नका. फोटो नसतील तर सातशे कार्डांची फाइल काहीशे केबीच्या पुढे सहसा जात नाही, दहा ठेवल्या तरी जागा लागत नाही. एक प्रत नव्या मशीनवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर, म्हणजे तुमच्याकडे किंवा क्लाउडवर. यात इतरांचे फोन-पत्ते आहेत, तेव्हा बाहेर जाणारी प्रत सेव्हन-झिपने पासवर्ड घालून ठेवा. आणि 'कॉन्टॅक्ट कन्व्हर्टर' म्हणवणाऱ्या अनोळखी साइटवर ही फाइल कधीही चढवू नका. सातशे माणसांचे आयडी आपणच दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखं होतं.

नव्या मशीनवर आल्यावरची तपासणी टाळू नका. थंडरबर्डमध्ये 'चाचणी' नावाची नवी रिकामी वही करा आणि पेन ड्राइव्हवरची व्हीकार्ड फाइल तिच्यात इम्पोर्ट करा. मूळ वहीतली संख्या आणि इथली संख्या जुळते का बघा. फाइलमधली कार्डं मोजायची असतील तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून 'बिगिन व्हीकार्ड' ही ओळ फाइलमध्ये आहे तशीच इंग्रजीत शोधा आणि 'काउंट' दाबा. मग पाच-सहा कार्डं उघडून वाचा: एक मराठी नावाचं, एक दोन आयडी असलेलं, एक लांबलचक पत्त्याचं, एक नोट्स असलेलं. मराठी नाव नीट दिसलं, आयडी जागेवर असले आणि नोट्स पुसल्या गेल्या नसल्या की ती वही काढून टाकायला हरकत नाही. हे होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करायला देऊ नका, एक्सचेंजमध्ये तर नकोच. खरं तर ती डिस्क काढून, नाव-तारीख चिकटवून कपाटात ठेवून द्या.

दोन गोष्टी तुमच्या प्रश्नातून कळल्या नाहीत, त्या बघून घ्या. थंडरबर्डच्या 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'सर्व्हर सेटिंग्ज'वर जाऊन सर्व्हरचा प्रकार आयमॅप आहे की पॉप (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेण्याची जुनी पद्धत) ते पाहा. पॉप असेल तर उतरवून घेतलेली जुनी मेलही फक्त त्या डिस्कवर असू शकते. तेव्हा आधी सांगितलेली अख्ख्या फोल्डरची नक्कल अनिवार्य समजा. दुसरं, 'हेल्प'मधून थंडरबर्डची आवृत्ती बघा. 78 च्या आधीची असेल तर ॲड्रेस बुक जुन्या 'मॅब' प्रकारच्या फायलींत असेल, 'एबुक' आणि 'हिस्टरी' या नावांनी. त्या दोन फायली जपा. नव्या थंडरबर्डच्या इम्पोर्टमध्ये मॅब फाइल निवडून आत घेता येते. इम्पोर्ट करताना काही अडलं तर आवृत्तीचा आकडा आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून कळवा.